दुधासोबतची गोळी

दादा,

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलेलो आहे. आणि तेरवीपर्यंत हा राग ओसरेल, असं समजावणाऱ्या लोकांवरही रागावलेलो आहे.

पुढच्या खोलीत हार घातलेला तुझा फोटो आहे. मी तिथे बसत नाही. तिथे आत्या बसलेली असते आणि प्रत्येक येणाऱ्याला सांगते, "सुटला बाप्पा एकदाचा." कशातून सुटला, ते तिला विचारावंसं वाटतं. अकोल्याच्या कोर्टात समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही अशी माझी ख्याती आहे. या घरात मात्र मी तोंड मिटून बसलो, कारण तू मला तसं बसवलंस. म्हणून आता तुलाच लिहितो. तुला यातलं जवळजवळ सगळं माहीत आहे, तरी ऐक. या वेळी मधेच हात वर करून "मुद्द्यावर या, वकीलसाहेब" म्हणता येणार नाही तुला.

तुझा आजार फळ्यावर सुरू झाला. अमरावतीला, राजापेठेतल्या त्या गिरणीच्या माडीवर, तुझ्या केमिस्ट्रीच्या क्लासमध्ये. मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "सर, दिसून नाही राहिलं." तू खडू बदललास. मग ट्यूबलाइट बदलली. मग पोरीला चष्मा लागला असेल म्हणून तिच्या बापाला फोन केलास. तुझं अक्षर ओळीच्या शेवटी मुंगीएवढं होतंय, हे फार उशिरा तुझ्या ध्यानात आलं आणि तू मला फोनवर हसत सांगितलंस, "अबे, समीकरण डावीकडं मोठं लिहितो अन् उजवीकडं गायब होऊन राहिलं. वस्तुमान अक्षय्यतेचा नियम मोडला तुह्या भावानं!"

मीही हसलो. मला वाटलं, मास्तर थकला असेल.

न्यूरोलॉजिस्टनं तुला मुठी उघडझाप करायला लावल्या, अंगठ्यावर बोट आपटायला लावलं, दारापर्यंत चालवून आणलं आणि "पार्किन्सन" असं सर्दी सांगावी तसं सांगितलं. चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाला, "गोळी जेवणाआधी, रिकाम्या पोटी." बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारून झालं होतं. रिकाम्या पोटी का, हे त्यानं सांगितलं नाही आणि आपण विचारलं नाही. पोरांना 'का' विचारल्याशिवाय एक ओळ पाठ करू न देणारा तू, तूही विचारलं नाहीस. आपण तिघं, तू, मी आणि आई, मान डोलावून बाहेर आलो, रसवंतीवर उसाचा रस प्यायलो आणि घरी गेलो.

पहिल्याच आठवड्यात गोळी घेतली की तुला मळमळायला लागलं. आईनं लगेच निदान केलं. "गरम गोळी हाये. आतडी जाळन पोराची." आपल्या घरात प्रत्येक गोळी गरम असते आणि दूध तिला थंड करतं. तापाची असो, दातदुखीची असो. मी लहानपणापासून एकही गोळी पाण्यासोबत घेतल्याचं मला आठवत नाही. मी म्हटलं, "पण डॉक्टरनं रिकाम्या पोटी सांगतलं, आई." तर ती म्हणाली, "मंग दूध कुठं जेवण हाये? उपासालेही चालते."

आणि आपल्याला ते पटलं! एक केमिस्ट्रीचा मास्तर, एक वकील. उपासाला चालतं ते रिकाम्या पोटीही चालतं, हा युक्तिवाद आपण दोघांनी मान्य केला. कोर्टात असं कुणी म्हणालं असतं तर मी त्याला उभा जाळला असता. पण ते आईनं म्हटलं होतं, स्वयंपाकघराच्या दारात, दुधाचा पेला हातात घेऊन. तेव्हापासून दिवसातून तीनदा गोळी, दूध आणि आईचा हात, असं ठरूनच गेलं.

हा आजार काय असतो, ते तू मला गिरणीच्या दारात सांगितलं होतंस. मी शनिवारचा आलो होतो. क्लास सुटला होता, तू जिन्याचा कठडा धरून उतरत होतास, आणि खालचा गिरणीवाला भुवयांवर पीठ घेऊन ज्वारी दळत होता.

"पाह्य," तू म्हणालास, "गिरणी चालली का पीठ उडते. उडणारच. आपल्या पेशीतही गिरणी असते. ऑक्सिजन घेते, अन् खाल्ल्या अन्नातून ताकद दळून देते. दळताना थोडं उडते. थे उडालेलं लय वाईट, जिथं बसन तिथं नासवते. पण पेशीत झाडझूड चालू असते म्हणून भागते."

"मंग तुह्यं काय बिघडलं?"

"मेंदूत एक कोपरा हाय. तिथल्या पेशी आपल्या आईसारख्या. एकटी बाई, अन् साऱ्या गावाचं करते. एकेकीचे इतके फाटे का मोजता येत नाई. तिथली गिरणी बंदच होत नाई. मंग पीठ लय उडते, झाडणारा थकते, पीठ मोटरीत बसते, मोटर तापते, तापली का अजून उडते. याले म्हणतेत ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. पेशी मरतात, डोपामिन कमी पडते, अन् मास्तरचं अक्षर मुंगी होते."

"आंधी काय बिघडते? मोटर का झाडणारा?"

"हे ज्याले समजन त्याचा सत्कार करू आपण. सध्या कोणालेच पक्कं मालूम नाई."

यातलं शेवटचं वाक्य मी ऐकलं नाही. मी फक्त 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' हे दोन शब्द घेऊन अकोल्याला गेलो, मोबाइलवर शोधलं आणि एका दुकानातून अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सुलांच्या बाटल्या घेऊन आलो. दुकानदार म्हणाला होता, "साहेब, आतली सारी घाण साफ करते हे." त्या माणसाचा चेहरा आठवला की अजून माझे हात शिवशिवतात. आजारी माणसाच्या भावाच्या डोळ्यांत काय असतं, ते या लोकांना बरोबर दिसतं.

तू बाटली हातात फिरवलीस. "गिरणीच्या बाहेर रस्त्यावर झाडू उभा केला तर आतलं पीठ झाडल्या जाते काय बे? मोठमोठ्या लोकांनी पेशंटाईले देऊन पाह्यलं हे. आजार थांबला नाई."

"नुकसान तर नाई ना? घे मंग."

आणि तू घेतलीस. विश्वास नव्हता, तरी घेत राहिलास. मी आणली होती म्हणून. तेव्हाच मला तुझी ही खोड ओळखता आली असती. कुणी मायेनं हातावर ठेवलं की तुझी केमिस्ट्री संपायची.

कॅप्सुलांसोबत मी आणखी एक वस्तू आणली होती. प्रोटीनची पावडर, चॉकलेटच्या चवीची. तुझं वजन उतरत चाललं होतं आणि मला काहीतरी केल्यासारखं वाटायला हवं होतं. आई ती पावडर दुधात ढवळायची. गोळीच्या दुधात. हे मी इथे लिहितो, कारण आईच्या पेल्याबद्दल बोलताना माझा चमचा विसरायचा नाही.

मग तू खुर्चीत गेलास. क्लास बंद झाला. डॉक्टरनं डोस वाढवला, पुन्हा वाढवला. एखाद्या दिवशी तू बरा असायचास आणि दुसऱ्या दिवशी दगड. आत्या म्हणायची, "काल तर चालला ना चांगला? आज काय झालं? लाड पुरवता तुमी त्याचे." तुझ्या तोंडावर म्हणायची. तुझा चेहरा तेव्हा हलायचा बंद झाला होता, म्हणून लोकांना वाटायचं, याला काही लागत नाही. तुला सगळं लागायचं. तुझे डोळे मला दिसायचे.

त्यानंतरचा उन्हाळा. आई मावशीच्या नातीच्या लग्नाला अचलपूरला गेली. जायला तयार नव्हती, तूच तिला ढकललंस, "जाय व आई, मी काही पळून नाई जात. पळता आलं असतं तर गोष्टच वेगळी होती." कोर्टाला सुट्टी होती, म्हणून मी तुझ्याजवळ राहायला आलो. अमरावतीचा मे महिना. पहिल्याच सकाळी दूध नासलं. मी कंटाळा केला आणि तुला गोळी पाण्यासोबत दिली. मळमळ नको म्हणून वर एक बिस्कीट. दूध आणायला दुसऱ्या दिवशीही गेलो नाही; उन्हात कोण जाणार?

दुपारी मी पंख्याखाली पडलो होतो. डोळे उघडले तर तू दारात उभा. खुर्ची रिकामी. माझा हात न धरता तू तिथवर गेला होतास आणि शर्टाची बटणं लावत होतास. एक, मग दुसरं. तुझं बटणं लावणं मी असं पाहत होतो, जसं लोक विमान उतरताना पाहतात.

"काय देल्लं बे तू मले?" तू विचारलंस.

"गोळी. तीच."

"कशासंग?"

"पाण्यासंग."

तू खाली बसलास, आणि मास्तरकीच्या सुरात, हळूहळू, तुझं तुलाच सांगू लागलास. दुधात प्रोटीन. प्रोटीन पचलं की अमिनो आम्लं. ही गोळीही एक अमिनो आम्लच, त्याच भावकीतली; मेंदूत शिरली तरच तिचं डोपामिन होणार. आतड्यात त्यांना आत घ्यायला फाटक एकच, मेंदूच्या दारातही तसंच. दुधाची वरात आत शिरते आणि गोळी बाहेर ताटकळत राहते. तिची वेळ संपून जाते. "बारावीच्या पोट्ट्याले इचारलं असतं ना, तर त्यानं सांगतलं असतं," तू म्हणालास आणि हसायला लागलास. खूप दिवसांनी तुझा चेहरा हसला. मीही हसलो. पावडरीचा डबा मी तिथल्या तिथे कचऱ्यात टाकला.

मग तुझं हसणं थांबलं. तू स्वयंपाकघराकडं पाहिलंस आणि म्हणालास, "आईले सांगू नोको."

मी डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, "हो, काही पेशंटांत, आजार पुढं गेला की, फार फरक पडतो. मी सांगितलं होतं ना रिकाम्या पोटी?" सांगितलं होतं. खरंच सांगितलं होतं. मी फोन भिंतीवर आपटला नाही, एवढंच.

आई परत आली. मी तिला म्हटलं, डॉक्टरनं आता पाण्यासोबत द्यायला सांगितली आहे. ती म्हणाली, "डॉक्टरचं काय जाते? मळमळलं तवा पोराचं डोकं मी धरलं होतं." मी म्हटलं, मग बिस्कीट दे. तिनं बिस्कीट दिलं. आणि दूधही दिलं. खरं कारण सांगितल्याशिवाय तिच्या हातातला पेला सुटणार नव्हता, आणि खरं कारण तू सांगू देत नव्हतास.

मग आपला तो भिकार करार. शनिवार-रविवार मी येणार, आईची नजर चुकवून तुला पाण्यासोबत गोळी देणार, आणि सोमवार ते शुक्रवार तू दूध पिणार. तुझ्या बोटांना गोळीचं पाकीट फोडता येत नव्हतं, नाहीतर तू चोरून घेतली असतीस. शनिवारी तू अंगणात चालायचास. रविवारी स्वतःच्या हातानं भात कालवायचास. सोमवारी मी अकोल्याच्या गाडीत बसलो की तू पुन्हा दगड.

आई काय म्हणायची, तुला आठवतं ना? "माह्यासंग नाई चालत थो. तू आला का चालते. माह्याच हाताले यश नाई."

आणि दादा, मला ते ऐकायला आवडायचं. आता लिहून टाकतो, लिहिल्याशिवाय राहवत नाही. सगळं आयुष्य घरातला मोठा मुलगा तू, हुशार तू, आईजवळ राहिलेला तू. तू राजापेठेत राहिलास म्हणूनच मी अकोल्याला जाऊन माझा संसार, माझी वकिली करू शकलो. ते ऋण मी कधी तोंडानं बोललो नाही. आणि आता शेवटी शेवटी मी दारात आलो की तुझे पाय हलतात, हे सगळ्यांना दिसत होतं. शेजारीपाजारी म्हणायचे, भावाभावांचं प्रेम पाहा. मी मान खाली घालायचो आणि आतून सुखावायचो. ते प्रेम नव्हतं, ते पाणी होतं, हे मला माहीत असून.

भांडण झालं ते सेमाडोहला, जंगलात. तूच हट्ट धरला होतास, सिपना नदी पाहायची. मी तुला गाडीतून घेऊन गेलो, वाटेत गोळी दिली, बाटलीतल्या पाण्यासोबत. तू पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, माझा खांदा धरून पाण्यात उभा राहिलास. इतका आनंदात होतास की मला रागच आला. हे रोज होऊ शकत होतं.

"आज घरी गेल्यावर आईले सांगून टाकतो मी," मी म्हटलं.

"काय सांगशीन? का तुह्या हातानं पोरगं लुळं झालं?"

"असं काहून म्हणीन? दुधानं पेशी नाई मेल्या. आजार त्याचा तोच वाढून राहिला. फक्त गोळी वाया गेली."

"हे तुले समजते, मले समजते. आई समजन, का तिनंच बिघडवलं. एकेक दिवस आठवन, अन् म्हणन, या दिवशी थो उठला असता, त्या दिवशी जेवला असता."

"मंग तू बस खुर्चीत. पे दूध."

"पेतो ना. आंघोळ घालाले माणूस येते, दाढीले न्हावी येते. तिच्या हातात माह्यासाठी दुसरं काय उरलं बे? तेवढा पेला हाये. थोही हिसकू?"

"याले माया नाई म्हणत, दादा. भेव म्हणते याले. तू भेकड हायेस."

"असन. पण आवाज कमी कर, माकडं पाहून राहिली."

मी हसलो नाही. तू माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवलास आणि वचन मागितलंस. नदीत उभा असलेला, थरथरणारा माणूस. त्याला काय नाही म्हणायचं? मी दिलं. ते भांडण तसंच अर्धं राहिलं, आणि तू ते अर्धं ठेवून निघून गेलास, याचा मला सर्वांत जास्त राग आहे. तुझी बाजू मांडून झाली. माझी राहिली.

माझी बाजू आता ऐक. तू म्हणायचास, आईसाठी. पण आईला तुझे चांगले दिवस नको होते का? तिच्याकडून तू पाच दिवस दूध घेतलंस आणि तिला पाचही दिवस तुझं दगड होणं पाहायला लावलंस. तिला वाटत राहिलं, माझ्या हाताला यश नाही. ते दुःख तुला परवडलं, कारण ते मुकं होतं. खरं कारण कळलं असतं तर ती रडली असती, चिडली असती, आणि ते तुला पाहवलं नसतं. तू तिला नाही, स्वतःला वाचवलंस. मी तुला सामील झालो, कारण शनिवारचा मान मला हवा होता.

ते एका बुधवारी झालं. मी उलटतपासणीत होतो. मोबाइल खिशात थरथरत राहिला. न्हाणीच्या उंबऱ्यावर तुझे पाय जमिनीला चिकटले, जसे उंबऱ्यावर नेहमी चिकटायचे, आणि तू वळायला गेलास. खुबा मोडला. मग ऑपरेशन, मग छातीत कफ, मग जे झालं ते. मी डॉक्टरला गाठून विचारलं, "त्या सकाळी गोळी नीट लागली असती तर तो पडला नसता, बरोबर?" तो म्हणाला, "असं म्हणता येत नाही. गोळी लागलेले पेशंटही पडतात." मला हो हवं होतं, म्हणजे छाती पिटून घेतली असती. किंवा नाही हवं होतं, म्हणजे झोपलो असतो. त्यानं दोन्ही दिलं नाही. अशा साक्षीवर कोणताही निकाल लागत नाही, आणि मला आता अशाच खटल्यात जन्म काढायचा आहे.

हे सगळं तुला माहीत होतं किंवा तू ओळखलं असतंस. पुढचं मात्र तुला माहीत नाही.

परवा मागच्या गल्लीतल्या शोभाकाकू भेटायला आल्या. त्यांच्या मिस्टरांनाही तोच आजार निघाला आहे, नुकताच. हात थरथरतो, चालणं मंद झालं. काकू आईजवळ बसून थोडा वेळ तुझ्यासाठी रडल्या आणि मग, लाजत लाजत, त्यांच्यासाठी विचारू लागल्या. गोळ्या कोणत्या, कशा द्यायच्या, खायला काय. आई किती दिवसांत पहिल्यांदा ताठ बसली. कुणीतरी तिला काहीतरी विचारत होतं.

"गोळी देत असशीन ना?" आई म्हणाली. "उपाशीपोटी नोको देऊ व माय. गरम असते थे. पेलाभर दूध दे तिच्यासंग. मी माह्या पोराले शेवटपर्यंत तशीच देल्ली."

काकूंनी मान डोलावली. आपण तिघांनी डोलावली होती तशीच.

मी दारात उभा होतो. कानाला फोन, तेरवीचा आचारी पलीकडून किती पानं, किती पानं विचारत होता. तुझ्या डोक्यावर ठेवलेला हात मला आठवला. खोटं नाही सांगत, क्षणभर वाटलं, काकूंना बाहेर फाटकाशी गाठून हळूच सांगावं. तुझ्यासारखं, आईपासून लपवून. मग माझीच मला किळस आली. म्हणजे आता एक बाई सगळ्या गल्लीला चुकीचं सांगत राहणार, आणि मी तिच्या मागे मागे फिरून सगळ्यांच्या कानात दुरुस्ती करत राहणार?

"दुधासोबत नका देऊ, काकू," मी म्हटलं.

आईनं वर पाहिलं. "काहून?"

आत्या म्हणाली, "आता कायले दुखण्याचं काढतं रे?" मी आयुष्यात पहिल्यांदा आत्याला म्हटलं, "तू गप राह्य." आणि सांगितलं. फाटक सांगितलं, वरात सांगितली, पावडर माझी होती तेही सांगितलं. दुधानं आजार वाढत नाही, फक्त गोळी अडते, आणि तुझ्या पडण्याचं कारण तेच होतं असं कुणी म्हणू शकत नाही, हेही सांगितलं. कोर्टात बोलतो तसं सगळं नीट, क्रमानं. आवाज माझा नव्हता.

आईनं एवढंच विचारलं, "कवापासून मालूम होतं तुले?"

"अचलपूरच्या लग्नापासून."

"त्याले?"

"त्यालेही."

"अन् थो पेत राह्यला?"

"हो."

ती रडेल असं मला वाटलं. तुलाही हेच वाटलं होतं ना? ती रडली नाही, दादा. तिचं तोंड लाल झालं.

"पाण्यासंग देल्ली असती मी," ती म्हणाली. "एवढंच होतं ना? पाणीच देयाचं होतं ना? मंग मले काय समजले तुमी दोघं? तुमचा बाप गेला तवा दुसऱ्या दिवशी उठून तुमचे डबे भरले म्या. तवा नाई फुटली मी, अन् आता पाण्याच्या पेल्यानं फुटली असती? शिकले म्हणते! एक मास्तर, एक वकील! दोघांची मिळून एका बाईले एक गोष्ट सांगाची हिंमत नाई!"

मी उभाच होतो. मग ती काकूंकडं वळली, पदरानं तोंड पुसलं, आणि मला विचारलं, "किती आंधी देयाची?"

"जेवणाच्या अर्धा तास."

"मळमळलं तर?"

"बिस्कीट."

"ऐकलं ना व?" ती काकूंना म्हणाली. "पाण्यासंग. अर्धा घंटा आंधी. मळमळलं तर बिस्कीट. दूध मंग, मागून. अन् नवऱ्याले काही समजलं अन् थो तुले सांगून नाई राहिला असं वाटलं, तर कान धर त्याचा."

बस. एका दमात शिकली. तू जे तिला झेपणार नाही म्हणून दोन उन्हाळे लपवलंस, ते तिनं पदर खोचायच्या वेळात शिकून दुसऱ्या बाईला शिकवलंसुद्धा. आता कळलं तुला, मी कशावर एवढा रागावलो आहे?

काकू गेल्या. आचारी अजून फोनवरच होता. मी आईला विचारलं, तेरवीला दादाच्या आवडीचं काय करायला सांगू. आपल्याकडं करतातच, गेलेल्या माणसाच्या जिभेवरचं एखादं. मला वाटलं, पुरणपोळी म्हणेल.

"काही नोको," ती म्हणाली. "साधं वरण-भात-भाजी सांग. त्याच्या आवडीचं मी यंदा काही करत नाई. अन् तू त्याच्याशी बोलत असशीन मनातल्या मनात, मले मालूम हाये, तर त्याले सांग, आई रागावली हाये तुह्यावर. लय रागावली. भेटशीन तवा पह्यले कान धरन, मंग जवळ घेईन."

हा तिचा निरोप, दादा. तिनं दिला तसाच पोचवतो. या वेळी मी त्यातलं काही गाळलेलं नाही.